विमान तुरीवर आहे

ते विमान कधी उडालंच नव्हतं, असं ठासून सांगणारी माणसं लातुरात अजून भेटतात. त्यातले निम्मे तेव्हा जन्मालाही आले नव्हते. परवा एका लग्नात एक कोवळा प्राध्यापक जिलेबी खाता खाता मला म्हणाला, "मॅडम, ती दंतकथा आहे. गाववाल्यांनी रचलेली." मी म्हटलं, "बाळा, त्या दंतकथेच्या पंखाला मी स्वतः टाके घातलेत. हे बोट बघ." बोटावर आता काहीएक दिसत नाही. पण त्याने बघितलं आणि पुढची जिलेबी मुकाट्याने खाल्ली.

म्हणून एकदाचं लिहून ठेवते. उडालं. शेतावर औषधाची भुकटी धुरळायचं विमान, उदगीरकडच्या एका गावात तयार झालेलं, तिथल्याच रस्त्यावरून उडालं आणि तिथंच उतरलं. मी खाली उभी होते. आता ज्याला खोटं म्हणायचं असेल त्याने माझ्या तोंडावर म्हणावं.

ते विमान केलं सरांनी. सर आमच्या तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवायचे. मी मूळ नांदेडची. वडील रेल्वेच्या कचेरीत, काका शाळेत, घरात बोलणं म्हणजे बदल्या आणि बढत्या. मला लातुरात ड्रॉइंग शिकवायची नोकरी लागली तेव्हा लातूर जिल्हा नवाकोरा होता. उस्मानाबादचं नाव खोडून लातूर लिहिलेल्या पाट्यांचा रंग अजून ओला होता. कचेऱ्यांत टेबलं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या. ज्याला त्याला वाटायचं, आता काहीतरी मोठं होणार.

सरांशी ओळख झाली ती भांडणातून. माझ्या वर्गातल्या मुलांची चित्रं तपासायला त्यांच्याकडे गेली होती. परत आली तेव्हा एकेका कागदावर लाल पेन्सिलीने शेरा होता: 'उडणार नाही.' मी तरातरा त्यांच्या खोलीत गेले.

"सर, हे भोक पाडायचं मशीन आहे. ते कशाला उडेल?"

"तेच म्हणतो मी. केवढं लोखंड घातलंय त्यात. निम्म्यात झालं असतं काम."

"मी पुस्तकातलंच काढायला लावलं होतं."

"मग पुस्तकही उडणार नाही," असं म्हणून त्यांनी माझा जेवणाचा डबा उचलला, तळहातावर जोखला आणि परत ठेवला. "जड आहे. पितळी का?"

हा जोखायचा नाद त्यांना भयंकर होता. कुणाच्याही घरी गेले की पेला, अडकित्ता, देव्हाऱ्यातली समई, काही म्हणजे काही सोडायचे नाहीत. एकदा प्राचार्यांच्या नव्या बाळालाही त्यांनी तसंच उचललं. 'छान आहे' म्हणतील म्हणून सगळे वाट बघत होतो. ते म्हणाले, "हलकं आहे," आणि बाळाच्या आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांच्या तोंडी याहून मोठं कौतुक नव्हतं, हे त्या माउलीला कोण सांगणार.

अंगाने उंच, काळेसावळे, शर्ट कायम बाहेर. आवाज असा की खालच्या आवाजात बोलले तरी वरच्या मजल्यावर ऐकू जायचं. आणि अर्ज म्हणून कधी करायचे नाहीत. आपण लिहितो 'विनंती की'. सर लिहायचे, 'कळविण्यात येते की मी सोमवारी नाही.' प्राचार्य बेजार. त्यांनी एकदा बोलावून समजावलं, "अहो, अर्ज असा नसतो."

"हा अर्ज नाहीच," सर म्हणाले. "आमच्या बापजाद्यांनी इतके अर्ज करून ठेवलेत की माझ्या वाटणीचे संपले. मी कळवतो."

प्राचार्य भला माणूस. 'कळले' असं लिहून सही करायचे.

याआधी सर बंगळूरला विमानाच्या कारखान्यात होते. पिकावर औषध मारायचं विमान तिथं बनत होतं, त्या कामावर. उडवायलाही तिथंच शिकले. त्या विमानाबद्दल कधी वाईट बोलले नाहीत, उलट फार प्रेमाने बोलायचे. फक्त म्हणायचे, "ते वळायच्या आत आमच्या गावाची शीव संपते. मोठ्या रानाचं विमान आहे ते. आमच्याकडं तुकडे." म्हणून तुकड्यावर चालेल असं छोटं विमान करायचं डोक्यात घेतलं आणि नोकरी सोडून निघून आले. गावाकडच्या वस्तीतल्या बौद्ध घरांतला पहिला शिकलेला पोरगा, बंगळूरचा पगार सोडून परत आला म्हटल्यावर सगळ्यांनी कपाळाला हात लावला. फक्त त्यांच्या मायने 'का आलास' असं विचारलं नाही.

ते का, हे मला गावी गेल्यावर कळलं. पंखाच्या फासळ्यांची चित्रं काढायला सरांना माणूस हवं होतं. "बाई, माझी रेघ सरळ जाते, पण लाकूड कापणाऱ्याला कळत नाही," म्हणाले. एका रविवारी मी एसटीने उदगीर आणि तिथून पुढे त्यांच्या गावी पोचले. दारात माय बसली होती. सुकलेलं अंग, डोळे लालभडक आणि सतत पाझरणारे, श्वास घेताना छातीत शीळ वाजायची.

"बामनाची हायेस का?" तिने विचारलं.

"हो."

"मग चहा घेतीस, का 'आत्ताच झाला' म्हंतीस?"

मला हसूच आलं. आमच्याकडची सगळी माणसं हेच वाक्य बोलायची. म्हटलं, "घेते. कपभर द्या, अर्धा नको."

चहा पिताना तिने सांगितलं. तुरीवर अळी पडली की भुकटी मारायची. ती फडक्याच्या पुरचुंडीत बांधायची, पुरचुंडी काठीच्या टोकाला, आणि दुसऱ्या काठीने तिच्यावर मारत ओळीने चालायचं. भल्या पहाटे, पानावर दव असतं तोवर, म्हणजे भुकटी चिकटते. हे काम बायांचं, आणि बाया या वस्तीतल्या. लग्न होऊन आली तेव्हापासून मायने तेच केलं होतं.

"तूर डोक्याच्या वर जाती, बाई. पुरचुंडी तिच्याहून वर धरावी लागती. मग भुकटी आधी कुणावर पडती? अळीवर, का आमच्यावर?"

सर शेजारी उभे होते. ते मला म्हणाले, पण बोलले तिच्याशी, "पुढची तूर येईल तेव्हा या वस्तीतल्या एकाही बाईच्या हातात ती काठी नसेल." माय म्हणाली, "बग आता," आणि कप धुवायला उचलला. एवढ्यासाठीच ते विमान होतं. ज्यांनी पुढे सांगितलं की सरांना नाव कमवायचं होतं, त्यांनी मायचे डोळे पाहिले नव्हते.

मग दुष्काळ पडला. रानात काही उगवलंच नाही. टँकर आला की घागरींची झुंबड, जनावरं छावणीला गेली. मला वाटलं, संपलं आता, धुरळायला पीकच नाही तर विमान कशाला? सर मात्र खुशीत होते.

"अळीसुद्धा उपाशी आहे, बाई. तेवढाच आपल्याला वेळ."

हैदराबादच्या भंगारबाजारातून त्यांनी कुठल्याशा मोडक्या शिकाऊ विमानाचं इंजिन पैदा केलं आणि ते नांदेडपर्यंत रेल्वेने, पुढे ट्रकमध्ये कडब्याखाली झाकून आणलं. विमानाच्या नाकावरच्या पंख्याचं सागवान किनवटकडून आलं. एवढं मोठं छप्पर गावात दुसरं नव्हतं म्हणून वस्तीतल्या विहारापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये विमान उभं राहायला लागलं. रविवारी वंदना व्हायची तेव्हा बाया पंखाला वळसा घालून बसायच्या.

पंखावर मांजरपाट चढवायचं आणि ते आतल्या फासळ्यांना ओळीने टाचायचं होतं. सरांनी मला सुई-दोरा दिला. मी आठवडाभर बोटं भोसकून घेतली आणि टाके सगळे वाकडे. वस्तीतल्या बाया बघून बघून कंटाळल्या. एकीने सुई माझ्या हातातून काढून घेतली, म्हणाली, "वाकळ कधी शिवली न्हाईस का?" मग सगळ्या बसल्या आणि गोधडीला घालतात तसे टाके घालत गेल्या, गाणी म्हणत, सासवांच्या चहाड्या करत. मी दोरा ओवून द्यायचं काम केलं. नांदेडला वडिलांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "तुला नोकरीला पाठवलंय, पंख शिवायला नाही." मी म्हटलं, "बाबा, पंख दुसऱ्याच शिवतात. मला येत नाहीत."

सरांनी तेव्हा जेवण अर्ध्यावर आणलं. त्यांचा हिशेब सरळ होता: उडवणारा जितका हलका, तितकी भुकटी जास्त नेता येईल. दुष्काळात सगळेच वाळले होते, पण हा माणूस हौसेने वाळत होता. माय भाकरी वाढायची आणि हे अर्धी परत टोपलीत टाकायचे. माय म्हणायची, "लोकाला खायला न्हाई म्हणून मरायलेत आन माझं लेकरू इमानासाठी." तरी अर्धी भाकरी ती उचलून ठेवायची, संध्याकाळी पुन्हा वाढायची. दोघंही हट्टाला पेटलेले.

विमानाला पळायला सरळ रस्ता लागतो. गावात होती ती गाडीवाट, तीही गाढवाच्या मर्जीने वळणारी. तेवढ्यात रोजगार हमीचं काम मंजूर झालं. गावाला रस्ता आला. तो कुठून कुठे न्यायचा हे ठरवणारे ओव्हरसियर नव्या जिल्ह्याच्या गडबडीत असे गुंतलेले की फिरकलेच नाहीत. सरांनी कळवलं, 'कळविण्यात येते की आखणी झाली आहे,' आणि गायरानातून फक्कीने एक सरळ रेघ मारली. वस्तीतल्या आणि गावातल्या, दोन्हीकडच्या बाया त्या कामावर होत्या. खडी फोडली, मुरूम टाकला, चोपला. रस्ता कुठल्याही गावाला जात नव्हता. गायरानात सुरू व्हायचा आणि कोरड्या तळ्याच्या काठाशी थांबायचा.

शेवटी एक साहेब बघायला आले. त्यांनी एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाकडे पाहिलं आणि खडी फोडणाऱ्या बाईला विचारलं, "हा रस्ता कुठं जातो?"

"वर," ती म्हणाली, आणि हातोडा खाली टेकवलासुद्धा नाही.

साहेबांनी काम पुरं झाल्याची सही केली आणि गेले. दुष्काळात रस्ता कुठे जातो याला महत्त्व नव्हतं, हाताला काम मिळालं याला होतं.

भुकटी विषारी, म्हणून चाचणीला राख वापरायची ठरलं. चुलीतली राख घराघरातून जमा झाली, अर्थात वस्तीतल्या घरांतून. तुरीवर मारायच्या भुकटीसाठी विमानाच्या पोटात पत्र्याचा डबा होता. त्याला सर चाडं म्हणायचे, पेरताना बी सोडायचं असतं ते. पहिल्या खेपेला विमान जमीन सोडून वर गेलं, आम्ही सगळे ओरडलो, आणि राख काही पडेना. सरांनी वर चाड्याचा दांडा ओढला, हलवला, काही नाही. शेवटी उतरताना सगळा ढीग एकदम सुटला तो थेट एका म्हशीवर. म्हैस पांढरी झाली आणि तिच्या मालकिणीने सरांना जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सर उदगीरला एका पिठाच्या गिरणीत जाऊन बसले. दिवसच्या दिवस. गिरणीवाल्याला वाटलं माणूस दळण विसरलाय. धान्याच्या डब्याला सारखा टकटक ठोकणारा लाकडी ठोकळा असतो, त्यामुळे दाणे अडकत नाहीत, ते त्यांना पाहायचं होतं. परत आले आणि इंजिनाच्या थरथरीवर चालणारा तसाच ठोकळा चाड्याला बसवला. मग रोज घरी येऊन बसलेला दिसेल त्याला ऐकवायचे, कसं केलं ते. विनय हा गुण त्यांच्यात नव्हताच. मला तो कधी चुकल्यासारखा वाटलाही नाही.

दुसऱ्या खेपेला राख पडली, आणि अशी पडली की काय सांगू. फक्त वारा जरा फिरला आणि ती गायरानाऐवजी गावावर गेली. उन्हाळा होता. गच्च्यांवर ज्वारीच्या पापड्या वाळत होत्या, दुष्काळातल्या, जपून घातलेल्या. आणि राख कुठली? वस्तीतल्या चुलींची. गाव उठलं. पापड्या बाटल्या म्हणून बाया टोपल्या घेऊन रस्त्यात आल्या. सगळ्यात पुढे मालक. गावातलं सगळ्यात मोठं रान त्यांचं, सगळे त्यांना मालकच म्हणायचे, आणि त्यांच्याच तुरीवर मायची हयात गेली होती.

"मास्तर, तुमच्या चुलीची राख आमच्या पापडावर? हे चालायचं न्हाई."

सर शांतपणे हात पुसत म्हणाले, "कळवतो की पुढच्या खेपेला राख तुमच्या चुलीची असेल. ती आमच्या पापडावर पाडू. मग झालं समान?"

वस्तीतली माणसं दोन पावलं मागे सरली. मलाही वाटलं, आता काठ्या निघणार. मालकांनी सरांकडे बघितलं, मग बायकोच्या टोपलीकडे. फेकायला नेलेल्या त्या पापड्या त्यांनी वाकून निरखल्या. एक उचलली, दुसरी उचलली.

"एकसारखी पडलीया की," ते म्हणाले. "बाईच्या हातानं इतकी एकसारखी पडत न्हाई."

पापड्या मालकिणीने फेकल्याच, त्यात काही बदललं नाही. मालक मात्र त्या दिवसापासून शेडकडे चकरा मारायला लागले. येऊन दूरच उभे राहायचे. बाटणं-बिटणं त्यांनी सोडलं असं मी म्हणणार नाही, पण फायदा कळत होता त्यांना. पुढच्या हंगामात आधी आपल्या तुरीवर मारा, असं तेच म्हणाले. सरांनी अट घातली: तुमच्या रानातही वस्तीच्या वाटणीला आलेल्या तुकड्यांतही विमानच मारेल, काठी कुणाच्या हाती जाणार नाही. मालक म्हणाले, "इमान असल्यावर बाई कशाला लागती?"

पुढच्या वर्षी पाऊस झाला. तूर अशी आली की दुष्काळाचा सूड घ्यावा. फुलं लागली, शेंगा धरल्या, आणि अळी पडली. सरांनी दिल्लीला, मुंबईला, जिल्ह्याला, सगळीकडे कळवलं होतं की विमान तयार आहे. परवाना कुठूनच आला नव्हता. आणि ज्या दिवशी धुरळायचं ठरलं त्याच दिवशी तालुक्याला नव्या इमारतीचा समारंभ निघाला. मुंबईहून मोठे पाहुणे येणार होते. जिल्ह्याच्या ठिकाणचे एक साहेब जीप घेऊन थेट शेडमध्ये आले.

"सर, तुमचं मोठं काम आहे," ते म्हणाले. "जिल्हा नवा आहे आपला, लोकांना दिसलं पाहिजे. पाहुणे मंचावर आले की वरून पुष्पवृष्टी करा. झेंडूची सोय मी करतो. पाहुणे खूश झाले की परवान्याचं माझ्याकडं लागलं."

"चाडं एकच आहे. त्यात फुलं भरली की भुकटी भरता येत नाही."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"अळीला एक दिवस पुरतो."

साहेब मंद हसले. "बिगरपरवाना उडवलं तर मला बंद करावं लागेल, सर. मग वर्षभर भुकटी नाही नि फुलंही नाहीत. विचार करा."

जीप गेल्यावर मी सरांच्या मागे लागले. खरं सांगते, मला ते पटत होतं. म्हटलं, "टाका ना एकदा चार फुलं. काय झिजणार आहे? परवाना मिळाला की जन्मभर उडवा. तुमच्या हट्टापायी बायांच्या हातात पुन्हा काठी येईल."

सर माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचे ओरडले. "बाई, माझ्या मायच्या डोक्यावर इतकी वर्षं विष पडलं. तेव्हा कुणाची जीप आली होती? आता त्या पाहुण्यांच्या डोक्यावर फुलं टाकायला मी विमान केलं? आज फुलं, उद्या पत्रकं, परवा निवडणूक. विमान एकदा मंचाकडं वळलं की शेताकडं वळत नसतं." मग आवाज उतरला. "भीती मलाही वाटतेय. पण अळी आज आहे."

त्यांनी कागद घेतला आणि साहेबांना लिहिलं: 'कळविण्यात येते की सदर दिवशी विमान तुरीवर आहे.' खाली सही. बस.

त्या पहाटे आम्ही विहिरी झाकल्या, गुरंढोरं आत बांधली, लेकरांना घरात कोंडलं. सगळ्या बाया वाऱ्याच्या वरच्या अंगाला लांबच्या टेकाडावर जाऊन उभ्या राहिल्या. माय पण. तिला दिसत किती होतं देव जाणे, पण इंजिन सुरू झालं तसं तिने तिकडे तोंड केलं. विमान त्या कुठेच न जाणाऱ्या रस्त्यावरून धावलं आणि वर उठलं. तुरीच्या शेंड्यांवरून इतकं खालून गेलं की मागे शेंडे सळसळले, आणि त्याच्या मागे पांढरा पट्टा पसरत गेला, हळूहळू खाली बसत गेला. रानात माणूस नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या भुकटीखाली माणूस नव्हता. मी रडले. लाज कशाची, रडलेच. वळण घेऊन पुन्हा आले, पुन्हा पट्टा. आधी वस्तीतल्या वाटण्या झाल्या, मग मालकांचं रान निम्मं झालं. चाडं भरायला सर खाली उतरले, तोवर जीप रस्त्याच्या तोंडाशी आडवी लागली होती.

झेंडूची पोती जीपमध्येच होती. साहेब फार संतापले होते, पण बोलले कमी. पंख्याला दोरी बांधली, दोरीवर लाख लावून शिक्का मारला. सर बाजूला उभे राहून म्हणाले, "गाठ घट्ट मारा, सुटेल." एवढंच.

पुढचं इथंच सांगून टाकते, म्हणजे कुणी विचारायला नको. तो शिक्का कधी निघाला नाही. मांजरपाट उंदरांनी खाल्लं, इंजिन गंजलं. सर निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिले, 'उडणार नाही' लिहीत राहिले, आणि काही वर्षांपूर्वी गेले. परवाना आलाच नाही, आणि त्यांनी विनंती केलीच नाही. एवढं खरं. पण लोक इथंच थांबतात आणि म्हणतात, काय मिळवलं त्याने? त्यांना दुसऱ्या दिवसाची पहाट माहीत नाही.

मी त्या रात्री मायच्याच घरी राहिले होते. उजाडायच्या आत मालक वस्तीत आले. असे ते कधी येत नसत, गडी पाठवत. सोबत भुकटीचं पोतं, फडकी, काठ्या.

"बाया काढा," ते म्हणाले. "निम्मं रान राहिलंय. अळी सगळं खायलीय. दव सुकायच्या आत मारायला पाहिजे."

बाया आपापल्या दारात उभ्या होत्या, पदर खोचलेला, पण पाय घट्ट. मालकांनी एकीचं नाव घेतलं, दुसरीचं घेतलं. त्या मायकडे बघायला लागल्या.

सर पुढे झाले. एका रात्रीत म्हातारे दिसत होते. "मी मारतो," ते म्हणाले. "माझ्यामुळं राहिलंय. आणा ती काठी."

"तू बस," माय म्हणाली.

"माय, रान जाईल त्यांचं."

"तुला बस म्हणलं न्हवं? तुझं काम वर व्हतं, ते तू केलंस." मग ती मालकांकडे वळली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्यासमोर खाली बसलेली होती आणि उठली नाही. "वस्तीतल्या बाईच्या हाती आता काठी जायाची न्हाई. ठरलंय ते."

"मग मारणार कोण?"

"रान कुणाचं हाय?" मायने विचारलं.

मालक शिव्या देतील असं वाटलं, दिल्या नाहीत. दव सुकत चाललं होतं. त्यांनी तोंडाला उपरणं बांधलं, स्वतःच पुरचुंडी बांधली, वाकडीतिकडी, आणि काठी घेऊन रानाकडे चालू लागले. मागे त्यांचा मुलगा. आम्ही सगळ्या बांधावर जाऊन उभ्या राहिलो. सरही आले, मायचा हात धरून.

मालक तुरीत शिरले आणि दिसेनासे झाले. वर नुसती काठी दिसायची आणि पुरचुंडी. पहिला फटका बसला तशी भुकटी भसकन खाली आली. थोड्या वेळाने आतून खोकला ऐकू यायला लागला, कोरडा, थांबत नव्हता. बांधावर कुणी हसलं नाही. मायने मान कलती करून तो खोकला ऐकला, सरांचा हात सोडला, आणि छातीत होता नव्हता तेवढा दम एकवटून हाक दिली.

"मालक, वारं पाठीवर घ्या. म्या तोंडावर घेतलं व्हतं."